एक सिलिंडर वाया, दुसरा जमला

माझ्या गॅरेजात व्हाइसच्या वर एका खिळ्याला चेनसॉचा सिलिंडर टांगलाय. त्याच्या एक्झॉस्ट पोर्टच्या, म्हणजे धूर बाहेर पडायच्या खिडकीच्या, वरच्या कडेची नखाएवढी खपली उडालेली आहे आणि आत एक उभा चरा आहे, अंगठ्यानं चाचपला तरी लागतो. हा सिलिंडर कुठल्या गिऱ्हाइकानं खराब केलेला नाही. मी स्वतः, शुद्धीत असताना, ग्राइंडर हातात धरून वाया घालवला. बसवल्यावर अकरा मिनिटं चालला.

गॅरेज गुहागर-चिपळूण रस्त्याला, शृंगारतळीच्या अलीकडे. मूळचा मी दुचाकीचा मेकॅनिक. माझा हात बसला तो यामाहा आरएक्स १०० वर. ही गाडी १९९६ साली बंद झाली, पण आमच्याकडे अजून देव्हाऱ्यातल्या देवासारखी जपतात. ९८ सीसी, ५० मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ५० चाच स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास), ११ हॉर्सपॉवर, आणि ‘तेवढं पोर्ट मारून द्या’ म्हणत येणारी पोरं. असल्या टू-स्ट्रोकच्या सिलिंडरात व्हॉल्व्ह नसतात. भिंतीत खिडक्या असतात, त्यांनाच पोर्ट म्हणतात, आणि पिस्टन वरखाली होताना त्यांची उघडझाप करतो. खिडकी उंच केली, रुंद केली की इंजिनाचा स्वभाव बदलतो. एवढं मला येत होतं, आणि नेमक्या त्याच जोरावर मी आपटलो.

चेनसॉ माझ्या टेबलावर आल्या त्या वादळांनंतर. ३ जून २०२० ला निसर्ग श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडाकडच्या माडपोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्या मे महिन्यात तौक्ते समुद्रातूनच वर सरकलं, तरी जाता जाता झाडं लोळवून गेलं. एवढा पसारा कुऱ्हाडीनं आवरणं कुणाच्या बापाला जमणारं नव्हतं. पाच-सहा हजारांत मिळणारी चायना मशिनं वाडीवाडीत आली. आमच्याकडे त्याला चेनसॉ कोणी म्हणत नाही, कटर म्हणतात. घेतलं, पेट्रोल ओतलं, दोरी ओढली. ऑइल मिसळायचं असतं हे निम्म्यांना इंजिन जाम झाल्यावर कळलं. दोन वर्षांत माझ्याकडे कोपऱ्यात अशी मेलेली पाच मशिनं साठली.

त्यात दाजींचं एक चालू मशीन होतं. दाजी म्हणजे आमच्या वाडीतले कटरवाले, अख्खी वाडी त्यांना दाजीच म्हणते. त्यांची तक्रार अशी, की चेन फिरते ती बावीस इंची पट्टी लावली आणि फणसाच्या बुंध्यात अर्ध्याच्या वर गेली, की मशीन गुदमरतं. “आवाज मोठा नि दम नाय रे याला. तुझ्या त्या यामाहाला करतोस तसं काय तरी कर.”

जुलै महिना होता. पावसात लाकूडतोड बंद, गाड्याही कमी. मी हो म्हटलं.

आधी पहिल्या सिलिंडरचं सांगतो. मेलेल्या मशिनांतला एक बरा सिलिंडर घेतला, नवा पिस्टन आणला आणि आरएक्सला करतो तसं केलं. एक्झॉस्टची वरची कड अंदाजानं अडीच मिलिमीटर वर नेली. रुंदी तेहतीस मिलिमीटरपर्यंत वाढवली. बाहेरून, सायलेन्सरच्या तोंडातून कार्बाइडचा बर (ग्राइंडरचं दातेरी टोक) घातला आणि आतल्या बाजूला घासत गेलो. आरसा केला अगदी. बसवलं, चालू केलं. काय किंचाळलं ते! शेजारच्या चहावाल्यानं हातातला चिमटा टाकला. मी खूश. दाजींनी लाकडाला लावलं आणि तीन इंच गेल्यावर ते पूर्वीपेक्षा लवकर बसलं. दुसऱ्यांदा लावलं, तिसऱ्यांदा लावलं. मग आत कुणीतरी खडे टाकल्यासारखा आवाज आला आणि दोरी सैल पडली. कॉम्प्रेशन गायब.

उघडून बघितलं तर पिस्टनची वरची रिंग दोन ठिकाणी तुटलेली, तुकडा एक्झॉस्टच्या कडेत अडकून पिस्टनला चरे पाडत गेलेला. आणि सिलिंडरच्या आतला कठीण मुलामा पोर्टच्या कडेला अंड्याच्या टरफलासारखा सुटलेला.

त्या रात्री लाईट गेली होती. मेणबत्तीच्या उजेडात तो सिलिंडर फिरवत बसलो आणि कुठे कुठे चुकलो ते एकेक करून ध्यानात आलं. आरएक्सच्या सिलिंडरात बिडाची स्लीव्ह असते, कशीही घासा, तिची खपली उडत नाही, घासली तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घाला. चेनसॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा आणि त्याच्या आत केसाहून थोडा जाड मुलामा. बोअर करायची सोय नाही. बर आतून बाहेर चालवायचा, म्हणजे मुलामा धातूवर दाबला जातो. बाहेरून आत चालवला की बरचे दात मुलाम्याला पाठीमागून उचकटतात. मी नेमकं तेच केलं होतं.

रुंदीचंही तसंच. बोअर ४५.२ मिलिमीटर, पोर्ट ३३, म्हणजे बोअरच्या ७३ टक्के. रिंग ही स्प्रिंगच की. खिडकी आली की ती बाहेर फुगते आणि परतताना कडेवर आपटते. कडेला गोलाई दिली तर घसरून आत येते. मी गोलाई दिली नव्हती.

पण हे दोन्ही सांभाळलं असतं तरी ते मशीन लाकडात बसलंच असतं. आरएक्सला एक्झॉस्ट उंच केला की गाडी पळते, त्यात अर्धं श्रेय त्या लांब, मध्ये फुगलेल्या सायलेन्सरचं असतं. बाहेर पडलेल्या धुराची लाट त्यात आपटून परत येते आणि सिलिंडरातून निसटू पाहणारा ताजा चार्ज, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, आत ढकलते. चेनसॉला असतो फक्त एक डबा. परतणारी लाट नाही, काही नाही. एक्झॉस्ट जितका लवकर उघडेल तितकाच उशिरा बंद होणार, आणि तोवर आत आलेलं पेट्रोल बाहेर चाललेलं असणार. मोकळ्यावर किंचाळायचं आणि लाकडात मान टाकायची, हे त्याच्या नशिबात मीच लिहिलं होतं. गेज लावलं होतं त्या आठवणीनं सांगतो, १३० पीएसआयचं (दाबाचं माप) कॉम्प्रेशन मी ११० वर आणून ठेवलं होतं. जोर वाढवायला निघालो होतो.

दुसऱ्या सिलिंडरला हात लावण्याआधी आठ दिवस नुसती मापं घेतली. घरचे म्हणायला लागले, हा दुकानात जाऊन करतो काय.

पहिलं माप बोअर आणि स्ट्रोकचं. मशिनावर मोठ्या लाल अक्षरांत ५८ सीसी लिहिलेलं. बोअर ४५.२ भरला, पिस्टनचा प्रवास ३३. हिशेब केला तर ५३ सीसीच्या आतच. पाच सीसी स्टिकरवर होते, सिलिंडरात नव्हते. दाजींना सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणजे मापात मारलंनी!” कोळणीकडून वाटा घेताना म्हणतात तसंच म्हणाले.

मग डिग्री व्हील. जुन्या सीडीवर ३६० अंशांचा कागद चिकटवला आणि ती मॅग्नेटच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या चाकाच्या, नटखाली आवळली. काटा म्हणून सायकलच्या आऱ्याचा तुकडा. पिस्टन नेमका सर्वांत वर कधी आहे हे डोळ्यानं कळत नाही, कारण तिथे पोचल्यावर क्रँक दोन-तीन अंश फिरला तरी पिस्टन जागचा हलल्यासारखा वाटत नाही. म्हणून जुन्या प्लगची चिनीमाती फोडून काढली, त्यात बोल्ट वेल्ड केला आणि प्लगच्या जागी बसवला. आता पिस्टन मध्येच बोल्टला टेकतो. मॅग्नेट एकदा उजवीकडून टेकवायचं, एकदा डावीकडून, दोन्ही आकड्यांचा मध्य म्हणजे टीडीसी.

तिथून मोजलं. एक्झॉस्ट टीडीसीनंतर १०४ अंशांवर उघडत होता. ट्रान्सफर, म्हणजे खालून ताजा चार्ज वर आणणाऱ्या दोन खिडक्या, १२२ वर. म्हणजे आधी अठरा अंश जळका धूर निघून जायला वेळ आणि मग ताजा माल आत. इनटेक, म्हणजे कार्ब्युरेटरकडून माल आत घेणारी खिडकी, टीडीसीच्या आधी ७४ वर. डावी ट्रान्सफर उजवीपेक्षा दोन अंश आधी उघडत होती, आणि आतल्या वाटेत ओतकामाचा एक ओठ राहून गेला होता, करंगळीच्या नखाएवढा. असल्या मशिनात हे असतंच. पाच हजारांत तुम्ही आणखी काय मागणार?

सर्वांत महत्त्वाचं माप होतं स्क्विशचं. पिस्टन वर टेकला की त्याची कड आणि सिलिंडरच्या टोपाची कड यांच्यात जी फट उरते ती. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत घालायची, पार भिंतीला टेकेपर्यंत, आणि मॅग्नेट फिरवून ती चिरडायची. तार गजन पिनेच्या (पिस्टन जिच्यावर टांगलेला असतो ती आडवी पिन) रेषेत घालायची. पिस्टन पिनेवर पुढे-मागे डुलतो, तिथे माप खोटं येतं. पिनेच्या टोकांकडे तो डुलत नाही. चिरडलेल्या तारेचं टोक व्हर्नियरनं मोजलं, दोन्ही बाजूंना १.१५ मिलिमीटर. या फटीतला चार्ज धड दाबला जात नाही आणि धड जळतही नाही. फट अर्ध्या मिलिमीटरवर आली की तो मध्यभागी ढकलला जातो, ठिणगी पडते तिथेच घुसळला जातो आणि कॉम्प्रेशन आपोआप वाढतं. अर्ध्याच्या खाली जायची हाव धरू नये. बेअरिंगला किंचित खेळ असतो, वर कार्बन बसतो, आणि बारा हजार आरपीएमला पिस्टन टोपाला चुंबन द्यायला लागतो.

सिलिंडर खाली आणायचा होता ०.६५. त्यातला ०.५ फुकटात मिळाला, कारण बेसचं गास्केट तेवढं जाड होतं, ते काढून टाकायचं आणि सीलंटवर बसवायचं. राहिलेल्या ०.१५ साठी चिपळूण गाठलं.

तिथल्या लेथवाल्या मिस्त्रींकडे मी आरएक्सच्या दिवसांपासून जातो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा त्यांचं लेथही बुडालं होतं. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर मातकट रेघ आहे, ती त्यांनी रंगवून घालवलेली नाही. लेथ मात्र त्यांनी सुटं करून, डिझेलनं धुऊन, बेडवरचा गंज हातानं उतरवून पुन्हा उभं केलं. सिलिंडर बघून ते म्हणाले, “कशाला एवढा खटाटोप? नवीन घे की मोठं.” मी म्हटलं, “मिस्त्री, हौस आहे.” मग काही बोलले नाहीत. नायलॉनच्या रॉडचा एक मँड्रेल केला, मध्ये चीर, आत निमुळता बोल्ट. सिलिंडर त्यावर चढवून बोल्ट आवळला की नायलॉन फुगून बोअरला आतून धरतं, आणि मुलाम्याला ओरखडा नाही. डायल लावून सिलिंडर फिरवला, काटा स्थिर होईपर्यंत हलक्या हातानं ठोकला.

“किती घेऊ?”

“पंधरा पॉइंट.”

“पाच-पाचच्या तीन पासात घेतो. एकदम घेतलं नि टूल रुतलं तर मला बोल लावशील.”

तिसऱ्या पासाला कापातून जी फीत निघाली ती फुंकर मारली तर उडत होती. त्यांनी घेतलं त्याचं मोल दोनशे रुपये आणि एक कोकम सरबत.

सिलिंडर खाली आला की सगळ्या खिडक्याही खाली येतात, हे विसरून चालत नाही. परत मोजलं. एक्झॉस्ट १०४ वरून १०६.५ वर गेला, ट्रान्सफर १२५ वर, इनटेक मात्र उलट लवकर, ७६ वर, कारण तो पिस्टनच्या खालच्या कडेनं उघडतो. आता कुठली खिडकी किती वर न्यायची याला अर्थ आला. मी ठरवलं एक्झॉस्ट १०२, ट्रान्सफर पुन्हा १२२, म्हणजे मधलं अंतर वीस अंश. या स्ट्रोकला एक्झॉस्टपाशी एक अंश म्हणजे पाव मिलिमीटरहून किंचित जास्त. साडेचार अंशांसाठी १.१५ मिलिमीटर. आधीच्या वेळी मी अडीच उडवले होते, आणि तेही आधी काही खाली न आणता.

बोअरमध्ये पर्मनंट मार्करनं काळं केलं, त्यावर टोकदार सुईनं रेघ मारली आणि रेघेच्या अलीकडे थांबायचं ठरवलं. या वेळी दातांचा बर नाही, हिऱ्याची भुकटी लावलेला. आतून बाहेर. दहा सेकंद घासायचं, पुसायचं, बघायचं. रुंदी २८ वर थांबवली, बोअरच्या ६२ टक्के. वरची कड सरळ आडवी न ठेवता भुवईसारखी किंचित कमानदार, म्हणजे रिंग एकदम धसत नाही. ट्रान्सफरचं काम जास्त किचकट. तिथे ग्राइंडरचं डोकं सरळ जात नाही, कोपऱ्यात वाकणारं अँगलवालं लागतं. ते माझ्याकडे नव्हतं. दातांच्या डॉक्टरांकडचा जुना हँडपीस मिळतो का बघितलं, पण त्याच्या दामात दुसरं मशीन आलं असतं. शेवटी घड्याळजीच्या कानसांनी हातानं केलं, तीन दिवस. दोन्ही बाजू १२२ वर आल्या. ओतकामाचा तो ओठही त्यातच गेला.

इनटेकसाठी सिलिंडर घासलाच नाही, पिस्टन घासला. त्याच्या स्कर्टची, म्हणजे खालच्या घेराची, इनटेककडची कड ०.६ मिलिमीटर उतरवली की तो दोन अंश आधी उघडतो, ७८ झाले. सिलिंडर बाराशेचा, पिस्टन तीनशेचा, मग चुकायचंच असेल तर तीनशेत चुकावं. यात एक खोट आहे. उद्या दुसऱ्या कुणी नवा पिस्टन टाकला तर ते दोन अंश परत जाणार आणि त्याला कळणारही नाही. म्हणून स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवलंय.

पिस्टनचाच आणखी एक प्रकार असतो. डोक्याची कड लेथवर उतरवायची आणि मधला भाग उंच ठेवायचा, म्हणजे तो टोपात शिरतो आणि कॉम्प्रेशन आणखी चढतं. मिस्त्री करून द्यायला तयार होते. मी नको म्हटलं. एप्रिल-मेच्या उन्हात, दमट हवेत दिवसभर चालणाऱ्या मशिनाला एवढा दाब झेपेल असं मला वाटेना. मॅग्नेटची चावी घासून ठिणगीचं टायमिंग पुढे घ्यायचंही त्याच कारणानं सोडलं.

एक गोष्ट राहतच होती. सिलिंडर खाली आल्यानं एक्झॉस्टचा तळही खाली आला. पिस्टन पूर्ण वर असताना त्याचा स्कर्ट तो तळ झाकतो ना? नाही तर क्रँककेसमधला माल थेट सायलेन्सरात. एक्झॉस्टमधून टॉर्च मारून बघितलं, मिलिमीटरभर झाकण शिल्लक होतं. हुश्श झालं. तळाला मी हातच लावला नाही.

कडांची गोलाई चारशेच्या पॉलिश पेपरनं, बोटाला गुंडाळून. गोलाई पुरेशी झाली का याची परीक्षा बायकोच्या जुन्या नायलॉनच्या साडीच्या तुकड्यानं घेतली. तुकडा बोअरमधून वरखाली ओढायचा. कुठे धागा अडकला की तिथे कड शिल्लक आहे. पहिल्यांदा चार ठिकाणी अडकला. शेवटी लोण्यातून ओढल्यासारखा सरकला तेव्हा थांबलो. सगळा सिलिंडर साबणाच्या गरम पाण्यानं धुतला, कारण हिऱ्याची भुकटी आत राहिली तर ती पुढचं पॉलिश स्वतःच करते.

बसवताना गास्केट नाही, फक्त सीलंटचा पातळ थर. इथेच हवा ओढली गेली तर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जाम होतं, म्हणून दाबाची परीक्षा. त्याचं यंत्र महाग. माझ्याकडे आईचं बीपी मोजायचं जुनं मशीन होतं. एक्झॉस्ट आणि इनटेक रबराच्या पट्टीनं बंद केले, प्लगच्या जागी नळी, फुगा दाबत काटा ३०० वर नेला. हे सहा पीएसआयच्या किंचित खाली भरतं, एवढं पुरतं. काटा हळूहळू उतरायला लागला. साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे सीलंटपाशी नव्हतेच, क्लचकडच्या ऑइल सीलला होते. खाऱ्या हवेनं क्रँकवर गंजाचा बारीक खरखरीत पट्टा आला होता आणि त्यानं सीलचा ओठ खाल्ला होता. म्हणजे दाजींचं मशीन मुळातच हवा ओढत होतं. सील बदलला, काटा जागचा हलेना.

सायलेन्सर उघडला तेव्हा मात्र हसू आलं. एवढ्या खिडक्या कोरल्या आणि बाहेर पडायला भोक होतं करंगळी जाईल एवढं. ते मोठं केलं, शेजारी दुसरं पाडलं. जाळी ठेवली. लोक ती पहिली काढून फेकतात. काजूच्या बागेत उन्हाळ्यात गवत कसं वाळलेलं असतं ते ज्यानं पाहिलंय तो जाळी काढणार नाही.

कार्ब्युरेटरला फार वेळ लागला नाही. हाय स्पीडचा स्क्रू पाव फेरा उघडला, जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल. हल्लीच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे तसंही थोडं जास्त द्यावं लागतं, आणि आमच्या हवेत ते पाणीही ओढतं, म्हणून दाजींना सांगितलं की डब्यात महिनाभर ठेवलेलं पेट्रोल वापरायचं नाही. लिटरला २५ मिली ऑइल. मोकळ्या फुल थ्रॉटलला आवाज किंचित घोगरा, अडखळल्यासारखा यायला हवा आणि लाकडाला लागला की सुरेल व्हायला हवा. मोकळ्यावरच सुरेल असेल तर ते पातळ आहे, जळणार. पाच-सहा टाक्या हलक्या हातानं चालवल्यावर गेज लावलं. १६५.

परीक्षेला लाकूड होतं दाजींच्याच परड्यात, वादळात पडलेला रायवळ आंबा. (पडलेलंच बरं. आंबा, फणस, साग, आईन, किंजळ ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं, उभं तोडायचं तर परवानगीचे कागद लागतात, आणि माझ्या प्रयोगासाठी तो उद्योग कोण करणार.) काम सुरू करण्याआधीच मी मूळ मशीननं फूटभर जाडीच्या भागावर तीन काप मोबाइलवर मोजून ठेवले होते, एकवीस-बावीस सेकंद. आता त्याच ओंडक्यावर, तीच पट्टी, नव्यानं कानस मारलेली तीच चेन. सोळा, सोळा, सतरा. महत्त्वाचं म्हणजे दाजी मुद्दाम मागचा भाग उचलून दाबत होते आणि मशीन मान खाली घालत होतं पण बसत नव्हतं. दाजी कधी तोंडावर कौतुक करत नाहीत. “बरा हाय,” म्हणाले आणि चौथा काप स्वतःहून घेतला.

मग मी एक आगाऊपणा केला. दाजी रोज वापरतात तशी, त्यांच्या हातची घासलेली चेन चढवली. त्यांनी आदल्या दिवशी माड कापला होता, वाळूत पडलेला. माडाच्या बुंध्यात रेती आणि काथ्या, चेनचे दात मरतात. चोवीस सेकंद! एवढा खटाटोप केलेलं मशीन, बोथट चेननं मूळ मशीनपेक्षा हळू. दाजींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मी त्यांच्या हातात ४.८ ची गोल कानस दिली आणि प्रत्येक दाताला सारख्याच तीन ओढी मारायला लावल्या. वर रेकरही (दातापुढचे उंचवटे, दात किती खोल चावेल ते ठरवणारे) बघितले, ते कधी घासलेच नव्हते. या दोन तासांच्या बसकणीचा मला पोर्टिंगच्या तीन आठवड्यांपेक्षा जास्त राग आला, खरं सांगतो.

दसऱ्यानंतर दाजी मशीन घेऊन गेले. आठव्या दिवशी परत. मला धस्स झालं, रिंग गेली वाटतं. तसं नव्हतं. कॉम्प्रेशन वाढल्यानं दोरी आता हात ओढून घेत होती, आणि स्टार्टरच्या आतल्या प्लास्टिकच्या दाढा त्या झटक्याला टिकल्या नाहीत. दोन्ही मोडल्या होत्या. अंगठ्यावर सूजही होती दाजींच्या. या गोष्टीचा मी विचारच केला नव्हता. इंजिनाला ताकद दिली आणि ते चालू करणारा भाग तसाच ठेवला. मेलेल्या मशिनांतल्या एकाला लोखंडी दाढा निघाल्या, त्या बसवल्या, दोरी जाड केली आणि दाजींना शिकवलं की आधी हळू ओढून दाब लागला की तिथून झटका द्यायचा, अर्ध्यातून नाही.

जानेवारीत सर्व्हिसला आलं तेव्हा सायलेन्सर काढला आणि एक्झॉस्टमधून टॉर्च मारली. पिस्टनवरच्या लेथच्या बारीक आडव्या रेघा अजून दिसत होत्या, एकही उभा चरा नाही. रिंग बोटानं दाबली, परत उसळली. कडेचा मुलामा जागच्या जागी. दाजी दाराशी उभे राहून खिळ्यावरचा सिलिंडर बघत होते.

“ह्यो पण माझ्यासारख्याच कुणाचा काय?”

“नाही, तो माझा.”

“बरा. किती देऊ?”

“दाढांचे ऐंशी राहिलेत दाजी. आणि चेन इथे काढून ठेवा, बघू दे आधी.”